तीन टाक्यांच्या चादरी

त्या वर्षी नदीने आमची पार लाज काढली. पात्रात कमरेइतका खड्डा खणायचा, पाणी पाझरून साचायची वाट बघत बसायचं, आणि मग तांब्या तांब्याने हंडा भरायचा. एवढ्या पाण्यात एका माणसाची धड आंघोळ होत नाही, आणि आमच्या गळ्यात अख्ख्या सरकारी दवाखान्याचं धुणं. सोमवारी आणि गुरुवारी गाठोडी यायची. नदी आटली म्हणून माणसं आजारी पडायची थांबत नाहीत.

घरात आम्ही तिघं. मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भावाला सगळे घुम्या म्हणतात. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर त्याला धाप लागते. मी लग्न मोडून परत आले तेव्हापासून इथेच आहे, आणि घुम्याच्या वाटचंही मीच बोलते असं लोक म्हणतात. म्हणू देत.

मला वाचता येत नाही, पण चादरीचा कोपरा वाचता येतो. एक लाल टाका म्हणजे पुरुषांचा वॉर्ड, दोन म्हणजे बायकांचा, तीन म्हणजे बाळंतिणींचा. नवी चादर आली की मी सुईदोरा घेऊन बसते आणि आधी टाके घालते. तीन टाक्यांची चादर म्हणजे हाडांची काडं करणारं काम. आधी गार पाण्यात भिजवायची, कारण गरम पाणी लागलं की रक्त धाग्यात बसतं आणि मग देव आला तरी निघत नाही. मग सोडा, मग भट्टी, मग दगडावर आपटणं. सोड्याने माझ्या बोटांची सालं निघालेली असतात, मीठ घेताना कळतं.

तर त्या उन्हाळ्यात एक नवल झालं. तीन टाक्यांच्या चादरी स्वच्छ येऊ लागल्या. एक नाही, दोन नाही, गाठोड्यातल्या सगळ्या. डाग नाही, वास नाही, नुसती धूळ. जेवढे बेड तेवढ्या चादरी धुवायला काढायच्या असा दवाखान्याचा नियम, म्हणून त्या यायच्या. आम्ही पाण्यातून काढायचो, वाळवायचो, घडी घालून परत द्यायचो. पाणी नसलेल्या वर्षात आम्हाला ते केवढं सोन्यासारखं वाटलं!

"आक्का," घुम्या एकदा पिळता पिळता म्हणाला, "दवाखाना सुधारला."

"कशावरून?"

त्याने चादर उलगडून दाखवली. "रक्त सांडत नाहीत आता. नवीन पद्धत आली असेल."

आणि मी, शहाणी म्हणवून घेणारी मी, मान डोलावली. आम्हा धुणाऱ्यांची अक्कल ती एवढीच. डाग नाही म्हणजे सगळं ठीक.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर मी सांगतही बसले नसते. पण भावजयीला सातवा लागला होता. तिची आई तिला माहेरी न्यायला आली. माहेर लांब, पण तिथला मोठा दवाखाना घराच्या दारात, दोन गल्ल्या सोडून. विहीणबाई पिशवी घेऊन दारात उभ्या, आणि मी त्यांना म्हणाले, "कशाला एवढ्या लांब? आपला दवाखाना बघा आता कसा झालाय. मी चादरी धुते, मला ठाऊक नसणार तर कोणाला?" विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं आणि रिकाम्या हाताने परत गेल्या.  भावजयीचा माझ्या शब्दावर विश्वास होता. तो विश्वास मला पुढे झोपू देईना.

नवव्यात पंधरा दिवस गेले असतील. दवाखान्यातल्या मावशींची कंबर धरली होती, म्हणून गाठोडं दारात ठेवून न येता मीच आत चादरी घालायला गेले. बाळंतिणींच्या खोलीत पाऊल टाकलं. सहा बेड, सहाही रिकामे. पंखा बंद. मी पहिल्या बेडची जुनी चादर ओढायला गेले आणि हात तिथेच थांबला.

मी चादरीला चार पदरी घडी घालते, आणि वरून तळहाताने दाबते. ती रेघ आठवडाभर जात नाही. माणूस त्यावर एक कूस वळला तरी मोडते. इथे चार दिवसांपूर्वी घातलेल्या चादरीवर माझी रेघ जशीच्या तशी होती. दुसऱ्या बेडवर तशीच. सहाही बेडवर तशीच. पलीकडे बाळंतपणाचं टेबल होतं. त्याच्या रबरावर मी बोट फिरवलं तर बोटाला धूळ लागली.

"मावशी," मी हाक मारली, "बाळंतिणी कुठे गेल्या?"

मावशी दारात स्टुलावर बसल्या होत्या, कमरेला फडकं बांधून. "वर," त्या म्हणाल्या.

"सगळ्या?"

"अगं बाई, तशा वर नव्हे! वरच्या दवाखान्यात. कोणी आली की सिस्टर कागद भरते, गाडीत घालते, वर पाठवते." मग त्यांनी आवाज उतरवला. "एक-दोघी मात्र तशाही गेल्या. वाटेतच."

मी त्या टेबलाला धरून उभी राहिले. तीन तासांचा रस्ता. निम्मा खडीचा, निम्मा तोही नाही. आणि मी विहिणीला दारातून परत पाठवलं होतं.

घरी आले तेव्हा भावजय दोरीवर धुणं घालत होती. पोट सांभाळत, एका हाताने. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. लपवून करायचं काय? घुम्याच्या हातातली चादर खाली मातीत पडली आणि त्याला ते कळलंही नाही.

"वन्सं," भावजय म्हणाली, "मग आता माहेरी पाठवता का मला?"

"आता गाडीत बसवलं तर हादऱ्यांनी वाटेतच सुरू होईल."

"मग कुठे?"

"इथेच. ज्या टेबलावर धूळ बसलीय ना, त्याच टेबलावर."

"त्या पाठवतील की मलाही वर."

"पाठवून तर बघू देत," मी म्हणाले. बोलायला काय, बोलले. तोंड चालवण्यात मी कधी कमी पडलेली नाही. पण रात्री उठून मी हातगाडीच्या चाकांना तेल घातलं, हे घुम्यालाही सांगितलं नाही.

नऊ दिवसांनी, सकाळी सकाळी, भट्टी नुकतीच पेटली होती. पाणी उकळत आलं होतं, सोडा अजून टाकायचा होता. भावजय दोरीखाली उभी होती ती एकदम पाय फाकवून थांबली आणि खाली बघायला लागली. पायाखालची वाळू ओली झाली होती.

"वन्सं, पाणी गेलं."

हातगाडीवर धुण्याचं ओझं होतं ते मी लाथेने खाली ढकललं. वाळलेल्या चादरी पसरल्या, वर तिला बसवलं. घुम्या दांडी धरून पुढे, मी मागून ढकलत. बाजाराच्या तोंडाशी चहावाला ओरडला, "आक्का, आज धुणं बोलतंय वाटतं!" भावजय कण्हत होती. मी त्याला जे काही म्हणाले ते इथे सांगण्यासारखं नाही.

दवाखान्यात सिस्टर एकटी. टेबलावर रजिस्टरांची चळत, समोर औषधाला आलेली रांग, आत पुरुषांच्या वॉर्डात कोणाचं तरी सलाईन संपलेलं आणि तिथून हाका. तिने भावजयीचं कार्ड घेतलं, एक नजर टाकली.

"रक्त आठ. काही खातबित होती की नाही ही?"

"जे घरात होतं ते खात होती."

"नऊ महिने काय झोपला होतात का सगळे? आता आणता! आठ रक्तावर मी हात लावणार नाही. वर न्या."

"आधी तपासा तरी."

"मला शिकवू नका. चादरी धुता, चादरी धुवा." तिने कागद ओढला, भराभर भरला, शाईची डबी पुढे सरकवली. "अंगठा करा. गाडी उभी आहे."

मी कागद घेतला आणि रांगेतल्या एका शाळामास्तराच्या हातात दिला. "भाऊ, एवढं वाचा."

मास्तरांनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं, "आम्ही नातेवाईक आमच्या स्वतःच्या इच्छेने रुग्णास पुढील उपचारासाठी घेऊन जात आहोत. वाटेत काही बरेवाईट झाल्यास रुग्णालय जबाबदार राहणार नाही."

"कोणाच्या इच्छेने?"

"आमच्या. म्हणजे, तुमच्या."

"आमची इच्छा नाही," मी म्हणाले.

सिस्टरचा चेहरा लाल झाला. "असंच लिहितात सगळे. छापील आहे ते."

"छापलं कोणीही असू दे. माझी इच्छा मला विचारल्याशिवाय कशी छापली? माझी इच्छा आहे की हिचं बाळंतपण इथे व्हावं. ते छापा, दोन्ही हातांचे अंगठे देते."

"तमाशा करू नका! ड्रायव्हर, घ्या हिला गाडीत!"

ड्रायव्हर पुढे आला. चांगला माणूस, त्याची बनियनं मीच धुते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि डोकं खाजवलं. "आक्का, मला हुकूम आहे."

"तू गाडी चालव की. पण गाडीत हिच्याजवळ कोण बसणार? सिस्टर येणार?"

"नाही. इथे कोण मग?"

"डॉक्टर?"

"ते मीटिंगला बसलेत."

"म्हणजे तू पुढे स्टिअरिंगवर, आणि मागे ही आणि मी. रस्त्यात सुरू झालं तर मी काय करू? चादर धुऊ?"

ड्रायव्हर दोन पावलं मागे सरला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. तेवढ्यात भावजयीला कळ आली. तिने हातगाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि असा आवाज काढला की रांगेतल्या बायका आपोआप बाजूला झाल्या. मला तो आवाज ऐकून ठरवत बसावं लागलं नाही. मी तिच्या काखेत हात घातला, घुम्याने दुसरीकडून घातला, आणि आम्ही तिला सरळ आत नेलं. सिस्टर मागून ओरडत होती. पोलिसांना बोलावते म्हणाली. मी म्हणाले, बोलवा, पोलिसांच्याही आया बाळंत झाल्या असतील.

टेबलावरची धूळ मी पदराने पुसली, हातगाडीवरची वाळलेली चादर घातली आणि भावजयीला वर झोपवलं. मग मी दाराच्या उंबऱ्यावर बसले. एक पाय इकडच्या चौकटीला, एक तिकडच्या.

"ही चादर मी धुतली," मी सिस्टरला सांगितलं. "मी वाळवली, मी घातली. तिच्यावर माझी भावजय झोपलीय. आता हिला इथून हलवायचं तर आधी मला हलवा."

सिस्टर माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या कपाळावरून घाम गळत होता. आणि मला वाटलं होतं त्याहून वेगळ्याच आवाजात ती बोलली.

"बाई, हिला काही झालं तर माझी नोकरी जाईल हो. मला दोन पोरं आहेत."

"आणि गाडीत काही झालं तर?"

तिने पदराने कपाळ पुसलं.

"तपासा," मी म्हणाले. "एकदा हात लावून बघा. मग म्हणा वर न्या. मी बाजूला होते."

ती माझा पाय ओलांडून आत गेली. नळ सोडला. नळ खरखरला आणि थेंबही पडला नाही. टाकी कोरडी. तिने नळावर थाप मारली आणि हताश होऊन हात तसेच धरून उभी राहिली.

"घुम्या," मी म्हणाले, "भट्टीवरचं पाणी. सोडा टाकला नाहीये. झाकण घालून आण."

घुम्या पळाला. मी त्याला एवढं पळताना पोरवयातही बघितलं नव्हतं. हातगाडीवर झाकलेला हंडा घेऊन तो आला तेव्हा पाण्यातून वाफा येत होत्या. मावशींनी कमरेचं दुखणं विसरून पाणी गार करून ओतलं, सिस्टरने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, हातमोजे चढवले आणि तपासलं. आणि तिचा चेहरा बदलला.

"बाळाचं डोकं हाताला लागतंय," ती म्हणाली. "अर्धा तास. फार तर."

तीन तासांचा रस्ता होता. ती माझ्याकडे बघत नव्हती.

पुढचं मी दारातून बघितलं आणि खरं ते सांगते. जी बाई मघाशी रजिस्टरावर हात आपटत होती ती हीच का, असा प्रश्न पडावा. "बाळा, श्वास घे. आता नको जोर लावू. आता लाव. शाब्बास!" भावजयीला ती बाळा म्हणत होती. पुरुषांच्या वॉर्डातून हाक आली तर मावशींना म्हणाली, "सांगा, सिस्टर मेली." मला त्या स्थितीतही हसू आलं.

मुलगी झाली. आधी निळसर, मग सिस्टरने पाठ चोळली तशी लाल, मग असं रडली की घुम्या बाहेर भिंतीला टेकून खालीच बसला.

मी उठणार, तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "थांबा."

टेबलाखालच्या बादलीत टपटप आवाज येत होता. तो थांबेना. चादरीवर लाल पसरत गेलं. आयुष्यभर मी ते वाळलेलं बघितलं होतं, तपकिरी, कडक झालेलं. ताजं रक्त इतकं भराभर पसरतं हे मला माहीत नव्हतं. भावजयीचे ओठ पांढरे पडले. "वन्सं, मला गार वाटतंय," ती म्हणाली, एवढ्या उन्हाळ्यात.

सिस्टरने तिच्या पोटावर मूठ दाबली आणि गोल गोल चोळू लागली. "मावशी, फ्रिजमधलं इंजेक्शन! खालचा कप्पा! डॉक्टरांना बोलवा, आत्ता!"

इंजेक्शनचा डबा भरलेला होता. तीन-चार महिन्यांत कोणाला टोचलंच नव्हतं. डॉक्टरांना बोलवायला घुम्या गेला. डॉक्टर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावर आठ-दहा मोठे साहेब, आणि विषय काय तर बाळंतपणात बायका मरतात त्या कमी कशा करायच्या. शिपाई सांगत होता, मधे जाता येणार नाही. घुम्या आत गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो इतका मोठ्याने बोलला की पडद्यावरच्या साहेबांनीही ऐकलं म्हणतात.

"डॉक्टर, मीटिंगमध्ये कोणी मरत नाही. माझी बायको मरतेय. उठा!"

डॉक्टर उठले. पळत आले. हातमोजे घालताघालता त्यांनी सिस्टरला विचारलं किती गेलं, काय दिलं, आणि तिने मूठ न काढता एकेक सांगितलं. दोघंही एकमेकांकडे न बघता काम करत होते. दुसरं इंजेक्शन, दोन्ही हातांना सलाईन. किती वेळ गेला मला माहीत नाही. उंबऱ्यावर बसून माझे पाय बधिर झाले होते. मग कधीतरी बादलीतला आवाज थांबला.

"आवळलं," सिस्टर म्हणाली. "पोट कडक झालं."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "गाडीत असती तर पहिल्या नाक्यावर गेली असती," ते म्हणाले. त्यांनी ते कोणाला उद्देशून म्हटलं नाही. मग टॉवेलला हात पुसत परत मीटिंगला गेले. वय असेल तिशीचं. शर्टाच्या बाहीवर रक्त होतं, ते तसंच घेऊन गेले.

दुपारी भावजय झोपली होती, बाळ तिच्या कुशीत. सिस्टर मागच्या पायरीवर येऊन बसली. तिच्या हातात चहाचा पेला होता. माझ्यासाठीही एक आणला होता.

"मी मघाशी फार बोलले तुम्हाला," ती म्हणाली.

"बोललात. मीही काही आरती ओवाळत नव्हते."

ती किंचित हसली. मग सांगायला लागली, चहा तसाच गार होऊ देत. मागच्या वर्षी तिच्या जागी दुसरी सिस्टर होती, तिची मैत्रीण. एकटीच ड्यूटीवर. एकाच वेळी दोन बायका अडल्या. एका टेबलावर एकीला सांभाळत असताना बेडवरची दुसरी रक्त जाऊन गेली. चौकशी झाली. मैत्रिणीला निलंबित केलं, पेपरात नाव आलं, सासरच्यांनी तोंड फिरवलं.

"चौकशीत सगळं विचारलं," सिस्टर म्हणाली. "किती वाजता बघितलं, किती वाजता लिहिलं, सही कुठे आहे. एक प्रश्न कोणी विचारला नाही. ती एकटी का होती?"

"म्हणून तुम्ही सगळ्यांना वर पाठवता."

"रक्त कमी, वर. वय कमी, वर. उंची कमी, वर. इथे मेली तर माझी, वरच्या दवाखान्यात मेली तर त्यांची." ती पेल्यात बघत राहिली. "वाटेत मेली तर कोणाचीच नाही."

मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली, दोन्ही एकदमच. मी म्हणाले, "आणि आम्ही चादरी बघून म्हणत होतो, दवाखाना सुधारला." तिला आधी कळलं नाही. मग मी चादरींचं सगळं सांगितलं, विहिणीचं सांगितलं. ती ऐकताना तोंडावर पदर धरून रडली. मी रडले नाही. मी फार चिडले होते.

तिसऱ्या दिवशी भावजयीला घरी सोडायचं होतं, आणि त्याच सकाळी मोठे साहेब आले. मीटिंगमध्ये घुम्या ओरडला ते पडद्यावरच्या साहेबांना लागलं असणार. आठ रक्ताची बाई इथे ठेवलीच कशी, याची चौकशी. साहेबांना वरून यायला साडेतीन तास लागले होते. खुर्चीत बसताना त्यांनी कमरेला हात लावला आणि 'आई गं' म्हणाले.

मला बोलावलं. सिस्टर दाराजवळ उभी होती, हात मागे बांधून. डॉक्टर खिडकीपाशी.

"बसा," साहेब म्हणाले. मला अहोजाहो करत होते, तेव्हाच मी सावध झाले. "सिस्टर तुम्हाला सगळ्यांसमोर अपमानास्पद बोलल्याचं कळलं. खरं आहे?"

"खरं आहे."

"रुग्णाला न तपासता घालवून द्यायचा प्रयत्न केला?"

"केला."

"मग तशी तक्रार द्या. आम्ही कडक कारवाई करू. अशा लोकांमुळेच दवाखाने बदनाम होतात."

खोटं कशाला बोलू, एक क्षण जीभ वळवळली. चादरी धुता, चादरी धुवा, हे माझ्या कानात अजून होतं. मी सिस्टरकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती आणि तिचे ओठ सुकले होते.

"हिला काढलंत तर हिच्या जागी कोण येणार?" मी विचारलं.

"ते आम्ही बघू."

"कधी?"

"त्याची एक प्रक्रिया असते."

"आणि तोवर उद्या कोणी अडली तर?"

"तिला वर पाठवतील."

"ज्या रस्त्याने तुम्ही आलात त्याने? साहेब, तुम्ही तर गादीच्या गाडीतून आलात, पोटात काही नाही, तरी कंबर धरून बसलाय."

डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. साहेबांचा अहोजाहो तिथे संपला.

"बाई, तोंड सांभाळून. धुलाईचं काम कोणाकडे द्यायचं ते पुढच्या महिन्यात ठरायचंय, माहीत आहे ना?"

माहीत होतं. त्या कामावर आमची चूल पेटते. घरात आता एक तोंड वाढलं होतं. पण तीन दिवसांपूर्वी मी त्या उंबऱ्यावर बसून जे ऐकलं होतं, बादलीतला तो आवाज, त्याच्यापुढे मला दुसरं कशाचं भय वाटेना.

"द्या कोणालाही," मी म्हणाले. "त्याला सांगा, तीन टाक्यांच्या चादरी स्वच्छ आल्या की खूश होऊ नकोस."

साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं. "म्हणजे तुमची तक्रार नाही, असं लिहू?"

"तक्रार आहे. तिच्यावर नाही, तुमच्यावर. लिहा. दोन माणसांचं काम एकटीच्या अंगावर टाकलंत, ही एक. टाकीत पाणी नाही, बाळंतपणाला नदीच्या खड्ड्यातलं पाणी आणावं लागलं, ही दुसरी. डॉक्टर एकच, आणि तोही तुम्ही पडद्यासमोर बसवून ठेवलात, ही तिसरी. आमची इच्छा आम्हाला न विचारता छापलीत, ही चौथी. वाटेत गेलेल्या बायकांची नावं लिहायला तुमच्याकडे रजिस्टर नाही, ही पाचवी. लिहा ना. का थांबलात?"

साहेबांनी कागद पुढे ओढला नाही. पेन खिशाला लावलं. "हे असं लिहिता येत नाही," ते म्हणाले.

"मला वाचता येत नाही, तुम्हाला लिहिता येत नाही," मी म्हणाले. "मग कसं व्हायचं?"

पलीकडे माझी भाची रडायला लागली आणि भावजयीने तिला घेतल्याचा आवाज आला. मग दाराजवळची सिस्टर चालत पुढे आली. तिने टेबलावरचा कोरा कागद आपल्याकडे ओढला, खुर्ची ओढली, आणि साहेबांच्या समोर, त्यांना न विचारता, बसली. खिशातलं आपलं पेन काढलं.

"मी लिहिते," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा, आक्का. सावकाश सांगा."

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. मधेच डॉक्टर खिडकीपासून म्हणाले, "इथे रक्तपेढी नाही, तेही लिहा," आणि तिने तेही लिहिलं. साहेब दोनदा म्हणाले, पुरे. आम्ही थांबलो नाही.